भाऊचा धक्का ते रेवस : एक मोजदाद

मुंबईहून अलिबागकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक खुष्कीचा. तो पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालीत शंभर किलोमीटरच्या आसपास जातो आणि माणसाला घामाघूम करून सोडतो. दुसरा पाण्याचा. भाऊच्या धक्क्यावर तिकीट काढावे, लाँचमध्ये बसावे आणि सव्वा तासाच्या आत रेवसच्या धक्क्यावर उतरावे. आमच्या बाजूच्या माणसाला ह्या दोहोंत निवड करावीशी कधी वाटलीच नाही. मुंबईला नोकरीला गेलेला मुलगा, गिरणीत गेलेला मामा, इस्पितळात नेलेली बाळंतीण, बाजाराला निघालेली कोळीण ही सारी पाण्यानेच गेली आणि बहुतेक पाण्यानेच परत आली.

‘बहुतेक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. आमच्या आजीचा थोरला भाऊ परत आला नाही. तो रामदास बोटीवर होता.

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या शाळेची सहल मुंबईला न्यायची ठरली, तेव्हा पालकांच्या सभेत एकच प्रश्न पुनःपुन्हा आला : लाँचने जायचे की रस्त्याने? दोनच महिन्यांपूर्वी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ बुडाली होती. एरवी लाँचला भिणारी आमची माणसे नव्हेत. पण त्या दिवशी सभेत बसलेल्या आयांच्या तोंडाकडे पाहवत नव्हते. मुख्याध्यापकांनी निर्णय माझ्यावर सोपवला. मी इतिहास शिकवतो, तेव्हा ह्या पाण्याचा इतिहास मला ठाऊक असणार, असे त्यांना वाटले असावे. मी इतिहाससंशोधक नव्हे. पण त्या रात्री कपाटातली पुस्तके काढून बसलो, आजीने सांगितलेले आठवले आणि मनाशी एक हिशेब मांडू लागलो. तो हिशेब हाच ह्या लेखाचा विषय आहे.

सकाळी रेवसला मुले चढवली, मुंबईला उतरवली, राणीच्या बागेत फिरवली. दुपारी साडेतीनला परतीच्या लाँचसाठी पुन्हा भाऊच्या धक्क्यावर आलो. बेचाळीस मुले, दोन शिक्षक, एक बाई. मी दोनदोनच्या जोड्या करून मोजली आणि फळीवरून आत सोडली. सारंग वरून पाहत होता. “गुरुजी, मोजलीत ना?” त्याने विचारले. मी म्हटले, “बेचाळीस.” “पलीकडे उतरल्यावर पुन्हा मोजा,” तो म्हणाला आणि आत गेला. प्रत्येक मुलाच्या गळ्यात नारिंगी जाकीट आले. ते मापाला मोठे होते. लहान मुलांच्या हनुवट्या त्यात बुडून गेल्या. वरून दोरी ओढली गेली, खाली घंटी वाजली, यंत्राने घरघर केली आणि लाँच धक्क्यापासून सुटली.

भाऊचा धक्का हे नाव कोळणीच्या तोंडी जितके सहज असते, तितकेच ते सरकारी कागदात अवघडलेले दिसते. भाऊ म्हणजे भाऊ अजिंक्य, पाठारे प्रभू ज्ञातीतले एक कर्ते गृहस्थ. एकोणिसाव्या शतकात, कंपनी सरकारचा अंमल असताना, त्यांनी समुद्र मागे हटवून धक्का बांधला. त्यापूर्वी कोकणातून येणारा उतारू पडावातून उतरे आणि गुडघाभर चिखल तुडवीत मुंबईत शिरे. नाव त्या काळचे आहे, आजचा धक्का नवा आहे. पण एका देशी माणसाने उतारूचे पाय कोरडे राहावेत म्हणून केलेली ही खटपट लोकांनी नावात जपून ठेवली. बंदरातल्या बाकीच्या मोठ्या गोद्यांची नावे राजपुत्रांची आणि राण्यांची होती. प्रिन्सेस डॉक १८८० सालचा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा, अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ चा. त्या बांधल्या मालासाठी, आणि माल हे बंदर फार काटेकोरपणे मोजीत असे.

लाँच दक्षिणेकडे वळली की उजव्या हाताला ह्या जुन्या गोद्यांची जागा येते. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया ह्या दोन गोद्या आता भर घालून बुजवलेल्या आहेत. पाणी होते तिथे जमीन आहे. गंमत अशी, की प्रिन्सेस डॉक खणताना १८७८ साली तळाशी एक बुडालेले जंगल सापडले होते. खैराची झाडे, मुळांसह, उभी होती तिथेच चिखलात गाडलेली. म्हणजे केव्हातरी तिथे जमीन होती, मग समुद्र आला, मग माणसाने गोदी खणली आणि पुन्हा जमीन केली. मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, “मग गुरुजी, ह्या लाँचच्या खाली काय आहे?” त्याला काय उत्तर द्यावे ते मला त्या क्षणी सुचले नाही.

त्याच व्हिक्टोरिया डॉकात १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टायकीन’ हे जहाज उभे होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि वर कापसाच्या गाठी. युद्धाचे दिवस, घाईचे काम. दुपारी कापूस धुमसू लागला. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले आणि पाठोपाठ दुसरा स्फोट झाला. आसपासची जहाजे, गुदामे, वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. त्या जहाजावर सोनेही होते : एकतीस पेट्या, प्रत्येक पेटीत चार विटा, एकूण एकशेचोवीस. एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्या भल्या माणसाने ती परत केली. पुढे गोदीतला गाळ काढताना कित्येक वर्षांनीही विटा मिळत राहिल्या आणि त्यांची नोंद होत राहिली.

माणसांचा आकडा मात्र आजपर्यंत एक नाही. कुठे आठशे वाचावे, कुठे तेराशे. गोदीतले हमाल, गोदीबाहेरच्या झोपड्यांतली कुटुंबे, रस्त्याने जाणारे येणारे ह्यांची यादी कोणापाशी असणार? एकशेचोवीस विटांची होती. पुस्तकात हे दोन आकडे लागोपाठ वाचले तेव्हा मला प्रथम आमच्या आजीचा स्वभाव समजला. पण तिच्याविषयी पुढे सांगतो.

ह्या बंदराला वाफेची ओळख फार लवकर झाली. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली, तीही अशी की त्यांतले १८१७ सालचे ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात आजही तरंगते आहे. त्याच गोदीत १८२९ साली ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. तिचा हेतू टपाल लवकर पोचवावे हा होता. वाटेत कोळसा पुरणार नाही म्हणून तो जिथे मावेल तिथे ठासून भरला. उतारूंना जागा उरली ती नावापुरती. मुंबईच्या पहिल्या आगबोटीतही, पाहा, क्रम असा होता : आधी टपाल, मग कोळसा, मग माणूस.

डावीकडे जवाहर द्वीप आले. तेलाच्या टाक्या, लांब पसरलेले धक्के, त्यांना चिकटलेली तेलवाहू जहाजे. त्याच्या मागे घारापुरीचे दोन डोंगर. सकाळी मुलांनी राणीच्या बागेत जो दगडी हत्ती पाहिला, तो मूळचा इथला. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. त्याहून पलीकडे न्हावाशेवा बंदराच्या उंच याऱ्या. ते बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याच्याही पलीकडे, आकाशात ओढलेल्या रेघेसारखा, २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा सेतू. मुले रेलिंगकडे धावू लागली. मी ओरडलो, “एका बाजूला जाऊ नका!” माझा आवाज इतका कर्कश निघाला की शेजारचे उतारू वळून पाहू लागले. त्या ओरडण्याचे कारण मुलांना कळणे शक्य नव्हते. तेही पुढे येईल.

आता लाँच मोठ्या जहाजांच्या वाटेवर आली होती. बंदराचे पाणी वरून सगळीकडे सारखेच दिसते, पण ते सारखे नसते. मोठी जहाजे खणून खोल केलेल्या ठराविक वाटेनेच जाऊ शकतात. दोन्ही बाजूंना बोये तरंगत असतात. रेवसच्या, मोऱ्याच्या, मांडव्याच्या, घारापुरीच्या लाँचना ही वाट छेदूनच पार व्हावे लागते. त्यात कोळ्यांच्या होड्या, वाळूचे आणि तेलाचे पडाव, नौदलाच्या बोटी आणि धनिकांच्या पांढऱ्या नौका. दादरच्या चौकात जशी गर्दी, तशीच इथे. फरक इतकाच की इथे दिवा नाही, पोलीस नाही आणि कोणाच्याही वाहनाला ब्रेक नाही.

तरीही नियम आहेत, आणि ते सगळ्या जगाला सारखे आहेत. समोरासमोर आलेल्या दोन यांत्रिक बोटींनी आपापल्या उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसते तिने वाट द्यावी. अरुंद वाटेतून जाणाऱ्या मोठ्या जहाजाला लहान बोटीने अडवू नये. भोंगा एकदा वाजला तर मी उजवीकडे वळतो आहे, दोनदा वाजला तर डावीकडे. लागोपाठ पाचदा वाजला तर तुझे काय चालले आहे ते मला कळत नाही. आणि ह्या सर्वांच्या मुळाशी असलेली एक जुनी खूण सारंगाने मुलांना सांगितली : समोरून येणारी बोट आपल्या लाँचच्या एकाच खांबाच्या रेषेत राहत असेल आणि नुसतीच मोठी मोठी होत असेल, तर टक्कर ठरलेली समजावी. ती खांबाच्या पुढे किंवा मागे सरकत असेल तर भिण्याचे कारण नाही.

तेवढ्यात डब्यांनी लादलेले एक प्रचंड जहाज उजवीकडून आले. घंटी वाजली, लाँचचा वेग उतरला, आम्ही डुलत थांबलो. मुलांनी लगेच खांब धरून नेम लावला. जहाज खांबाच्या पुढे सरकले तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा टाकला. एका मुलीने विचारले, “गुरुजी, त्या जहाजावरच्या माणसांना आपण दिसतो का?”

हा प्रश्न फार खोल आहे. समुद्रावरच्या सुरक्षिततेचा जागतिक करार ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर प्रथम १९१४ साली झाला. तो वेळोवेळी सुधारत आला आहे. त्यात आज असे सांगितले आहे की, मोठ्या जहाजाच्या सुकाणूघरातून पुढच्या टोकासमोरचे पाणी, जहाजाच्या लांबीच्या दुपटीहून किंवा पाचशे मीटरहून, ह्यांत जे कमी असेल त्याहून अधिक, झाकलेले असता कामा नये. उलट बाजूने वाचले तर अर्थ असा होतो की तेवढ्या अंतराच्या आतली लाँच दिसली नाही, तरी नियम मोडला जात नाही. मी मुलीला म्हटले, “लांबून दिसतो. अगदी जवळ गेलो तर नाही.” ती म्हणाली, “म्हणजे आपणच त्यांना बघायचं.” मी मान हलवली. लहान बोटीने मोठीकडे पाहत राहायचे, ही ह्या पाण्याची फार जुनी रीत आहे.

आणि ती नेहमी दुबळेपणाचीच होती असे मात्र नाही. बंदराच्या मुखाशी, आमच्या थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरीचे बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आपली जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजे मोठी, तोफा मोठ्या. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या, उथळ पाण्यातून सरकणाऱ्या. वारा पडला की इंग्रजांचे जहाज जागीच डोलत राही आणि ह्या होड्या अंधारातून, भरती-ओहोटीचा अंदाज घेत, किनाऱ्यावरून बेटावर माणसे आणि सामान पोचवून परत येत. ऑक्टोबरात झालेल्या झटापटीत इंग्रजांची एक गुराबही मराठ्यांच्या हाती लागली. बेट मराठ्यांकडे राहिले. पाण्याची नाडी ज्याला कळते त्याची बोट लहान असली तरी चालते, हा धडा खांदेरीने दिला. तो मी वर्गात दरवर्षी शिकवतो. पण त्याच पाण्यात, तीनशे वर्षांच्या आत, मोठी आगबोटसुद्धा सुरक्षित ठरली नाही, हे पाठ्यपुस्तकात नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोकणच्या किनाऱ्यावर गोऱ्या कंपनीच्या आगबोटी फिरत. स्वदेशीच्या वाऱ्यात, १९०६ च्या सुमारास, त्यांच्याशी स्पर्धा करायला एक देशी सहकारी कंपनी उभी राहिली. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना नावे दिली तुकाराम, रामदास अशी. भाविक उतारू संताच्या नावाच्या बोटीत पाऊल टाकताना हात जोडी. ११ नोव्हेंबर १९२७ ला वादळात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ ह्या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. ‘रामदास’ १९३६ सालची, त्यामानाने नवी.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. आषाढी अमावास्या दुसऱ्या दिवशी. गिरणीतली, गोदीतली, घरगड्याची कामे करणारी माणसे सणाला घरी निघाली होती. सकाळी आठ वाजता रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. पाऊस होता, वारा होता, पण आषाढात तो असायचाच. बंदर ओलांडून काशाच्या खडकाजवळ आली तेव्हा लाटा वाढल्या. बोटीत पाणी येऊ लागले, माणसे घाबरली आणि पावसाच्या झोडीपासून बचाव करायला एका बाजूला सरकली. बोट कलली. तशात मोठी लाट आली. धक्का सोडून पुरता पाऊण तासही झाला नव्हता.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सहाशेंवर माणसे बुडाली आणि दहा मैलांवरच्या मुंबईत कोणालाच ठाऊक नाही. बातमी पोचली ती संध्याकाळी, पोहत-तरंगत किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या तोंडून. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. त्यांनी मासळी पाण्यात लोटून होडीत माणसे घेतली, असे आमच्याकडे आजही सांगतात. ती मासळी म्हणजे त्यांच्या घरची त्या दिवसाची चूल होती.

ह्यानंतर अशा बोटींवर बिनतारी यंत्र असावे आणि पावसाळ्यात त्यांनी निघू नये, असे निर्बंध आले. पण बुडालेल्यांचा आकडा? कुठे ६२५, कुठे त्याहून बराच अधिक. 

आमची आजी तेव्हा पंधरा वर्षांची होती. भाऊ येणार म्हणून ती धक्क्यावर गेली होती. त्याचे प्रेत मिळाले नाही. पुढे जन्मभर तिला एक खोड राहिली : घरातून बाहेर जाणारे आणि परत येणारे माणूस ती मोजी. आम्ही नातवंडे शाळेतून आलो की उंबऱ्यावर उभी राहून बोटाने मोजी. आठच्या जागी सात भरले तर हाका मारीत सुटे. आम्ही हसत असू. एकदा मी विचारले, “आजी, एवढं मोजून काय होतं?” ती म्हणाली, “मोजलेलं माणूस हरवलं तर शोधायला तरी जातात रे.”

डिसेंबर २०२४ ची ती संध्याकाळ मी बातम्यांत पाहत होतो. नीलकमलला चौऱ्याऐंशी उतारूंचा परवाना होता. प्रत्यक्षात दोन्ही बोटींवरचे मिळून शंभरावर लोक त्या अपघातात सापडले होते. चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीचा ताबा सुटला आणि ती येऊन आदळली. दोन्ही बोटींवरचे मिळून पंधरा जण गेले. रामदासच्या वेळी नव्हते ते सारे आता होते : दूरध्वनी, बिनतारी, हेलिकॉप्टर, प्रत्येक उतारूच्या हातात कॅमेरा. आसपासच्या बोटी मिनिटांत धावल्या आणि पुष्कळांना वाचवले. तरीही त्या रात्री जो प्रश्न विचारला जात होता तो १९४७ चाच होता : बोटीवर एकूण होते किती? एका लहान मुलाचा शोध त्यानंतरही दिवसेंदिवस चालला होता.

समुद्रपार जाणाऱ्या उतारू-जहाजांवर निघण्यापूर्वी प्रत्येक माणूस मोजलाच पाहिजे, हा नियम जागतिक करारात आला तो विसाव्या शतकाच्या अगदी अखेरच्या वर्षांत. सोन्याची वीट, कापसाची गाठ, टपालाची थैली ही त्याआधी कितीतरी वर्षे मोजून चढत होती. मुंबईबंदराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती मोजदाद पानोपानी दिली आहे. लाँचच्या बाकावर बसून तोच इतिहास पाहू लागले की त्यात एक रकाना कोरा दिसतो, आणि तो रकाना आपला असतो.

असो. लाँच रेवसच्या खाडीत शिरली. ओहोटी लागली होती. थोडा उशीर झाला असता तर गाळात रुतून भरतीची वाट पाहावी लागली असती. सारंगाने वेग कमी केला आणि तो गढूळ पाण्यातून अंदाजाने वाट काढू लागला. धक्क्यावर पालक उभे होते. ती एरवी न्यायला येत नाहीत; मुले आपापली घरी जातात. त्या दिवशी सगळे आले होते. आयांच्या ओठांकडे मी लांबूनच पाहिले, आणि मला कळले की त्याही मोजीत आहेत.

मी आधी उतरलो आणि फळीशी उभा राहिलो. जाकिटे काढून ठेवीत मुले एकेक करून येऊ लागली. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मी मोजत गेलो. एकेचाळीसवर रांग संपली. माझ्या पोटात खड्डा पडला. लाँचकडे पाहिले. यंत्राच्या खोलीच्या दारातून तीच मुलगी बाहेर आली. ड्रायव्हरला घंटीचा अर्थ विचारायला थांबली होती. तिच्या खांद्याला हात लावला आणि मोठ्याने म्हटले, “बेचाळीस.”

वरून सारंगाने हात हलवला. पुढच्या फेरीची माणसे चढायला सुरुवात झाली होती, आणि खलाशी फळीशी उभा राहून त्यांना मोजू लागला होता.